तुला पाणी पाहिजे का?

मे महिन्यातली दुपार होती. बाहेर नागपूरचं ऊन, आत कूलरची घरघर. आमचा मुलगा तेव्हा साडेचार वर्षांचा. तो स्वयंपाकघरात आला, माठासमोर उभा राहिला आणि माठाकडेच बघत अगदी स्पष्ट म्हणाला, "तुला पाणी पाहिजे का?" मी कणीक मळत होते. म्हटलं, "नको राजा, आत्ताच प्यायले." तो हलला नाही. पुन्हा तेच वाक्य. मी पुन्हा नको म्हटलं. तिसऱ्या वेळी त्याचा आवाज चढला आणि त्याने स्वतःच्याच मनगटाला कडकडून चावा घेतला.

त्याला तहान लागली होती. त्याने पाणी मागितलं होतं, तेही पूर्ण वाक्यात, आणि मी दोनदा नाही म्हटलं होतं. हे मला उमगायला पुढे कित्येक महिने गेले.

मुलगा स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे. आता तो अकरा वर्षांचा आहे आणि बोलतो. मी थेरपिस्ट नाही. थेरपिस्ट ताईंकडून, वाचनातून आणि सगळ्यात जास्त त्याच्याकडून जे शिकले, ते सोपं करून सांगते. ज्यांच्या घरी तीन-चार वर्षांचं न बोलणारं मूल आहे, त्यांना हे कुणीतरी आधी सांगायला हवं असतं.

आधी माठापाशी काय घडलं ते बघू. बहुतेक मुलं भाषा सुट्या शब्दांतून उचलतात. आधी "पाणी", मग "पाणी दे". बरीच स्वमग्न मुलं मात्र अख्खं वाक्यच उचलतात, त्याच्या चालीसकट आणि त्या वेळच्या प्रसंगासकट. माझ्या मुलाच्या आयुष्यात पाणी यायच्या आधी दरवेळी एकच वाक्य यायचं, माझं. "तुला पाणी पाहिजे का?" त्याच्या हिशोबाने हे वाक्य म्हटलं की पेला येतो. 'तू' म्हणजे समोरचा आणि 'मी' म्हणजे बोलणारा, ही अदलाबदल त्याला अजून लागलेली नव्हती. आणि ही अदलाबदल तशी अवघडच आहे. माठ नेहमी माठच असतो, पण 'मी' मात्र ज्याच्या तोंडी जाईल त्याचा होतो.

असं ऐकलेलं जसंच्या तसं परत बोलण्याला इकोलालिया म्हणतात. लिओ कॅनर या डॉक्टरने १९४३ मध्ये ११ मुलांचं वर्णन करून स्वमग्नतेची पहिली सविस्तर मांडणी केली, त्यातही या प्रतिध्वनीची आणि 'मी-तू'च्या गोंधळाची नोंद आहे. पुढे बरीच वर्षं हे बोलणं निरर्थक मानून बंद पाडायचे प्रयत्न झाले. १९८१ मध्ये बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डचन यांनी अशा मुलांचं बोलणं प्रसंगासकट बारकाईने तपासलं, तेव्हा त्या प्रतिध्वनीची सात वेगवेगळी कामं निघाली. कधी ती मागणी असते, कधी होकार असतो, कधी गप्पांतली आपली पाळी निभावणं असतं, कधी स्वतःला समजावणं. म्हणून मूल जाहिरातीतलं वाक्य बोललं तर "काय बडबडतोस?" म्हणू नका. ते वाक्य त्याने पहिल्यांदा कुठे ऐकलं, तेव्हा काय चाललं होतं, ते आठवा. अर्थ बहुतेक वेळा तिथे सापडतो.

आमच्या थेरपिस्ट ताईंनी यावर जो उपाय सांगितला तो फार साधा होता. मुलाने जे बोलावं असं वाटतं, तेच त्याच्या तोंडून निघाल्यासारखं तुम्ही बोला. तो माठापाशी आला की प्रश्न विचारायचा नाही. म्हणायचं, "पाणी पाहिजे." आणि पाणी द्यायचं. उद्या तो तेच उचलेल आणि तेव्हा ते बरोबर असेल.

इथे मराठी आपल्या मदतीला येते. "पाणी पाहिजे" या वाक्यात मी नाही, तू नाही, तरी ते पुरं आहे. पण मराठी एके ठिकाणी अडवतेही. क्रियापदाला लिंग असतं. दिवसभर माझ्याजवळ राहून माझा मुलगा "मी येते", "मी जाते" म्हणायचा आणि लोक हसायचे. त्याचं काही चुकत नव्हतं, त्याने जे ऐकलं तेच तो बोलत होता. आम्ही दोन गोष्टी केल्या. "येतो, जातो, करतो" हे त्याच्या बाबांच्या तोंडी जास्त यायला लागलं. आणि सुरुवातीसाठी असे शब्द निवडले जे बोलणारा मुलगा असो की मुलगी, तेच राहतात: पाहिजे, नको, दे, उघड, थांब, अजून, झालं, जाऊ, आवडतं. या नऊ शब्दांवर लहान मुलाचा बराचसा दिवस निघतो. रंग, प्राणी, ए बी सी डी यांच्यामागे लागण्याआधी हे शब्द यावेत असं माझं ठाम मत आहे. हत्तीचं चित्र बघून "हत्ती" म्हणणारं पण भूक लागल्यावर फक्त रडणारं मूल मी पाहिलंय. शिकवणाऱ्यांनी त्याच्यावर मेहनत घेतली होती, पण त्या मेहनतीचा त्याला उपयोग नव्हता.

शब्दाच्याही आधीची एक पायरी आहे. साधारण वर्षाच्या आसपास मूल बोट दाखवायला लागतं. दोन प्रकारे दाखवतं. एक, "ते दे". दुसरं, "ते बघ ना!" दुसऱ्यात त्याला काही नको असतं, फक्त आपण ते त्याच्यासोबत बघावं एवढंच हवं असतं. दोघांचं लक्ष एकाच गोष्टीवर, आणि दोघांनाही ते ठाऊक. भाषेचं बी इथे रुजतं, कारण आईची नजर ज्या वस्तूवर आहे, तिला मूल आईच्या तोंडचा शब्द चिकटवतं. स्वमग्न मुलांमध्ये हे "ते बघ ना" उशिरा येतं किंवा कमी येतं. ती आपला हात धरून, एखाद्या अवजारासारखा, बरणीपर्यंत नेतात. आपल्या तोंडाकडे बघत नाहीत.

मग त्याची नजर आपल्याकडे वळवायची का? आम्ही ते खूप केलं. "माझ्याकडे बघ, बघ इकडे," म्हणत हनुवटी धरायची. ते त्याला सहन व्हायचं नाही. ताई म्हणाल्या, उलटं करा, तो जिथे बघतोय तिथे तुम्ही जा. तो बघायचा कूलरकडे. ताट्यांवरून ओघळणारं पाणी, टबमधला पंप, पंख्याची पाती. तासन् तास. मी त्याच्याशेजारी फरशीवर बसायला लागले आणि मीही कूलर बघायला लागले. "टप टप टप." बटण दाबलं की "सुरू!" पंखा थांबला की "बंद." एवढंच, दुसरं काही नाही. काही दिवसांनी तो ओघळ बघून माझ्याकडे वळून बघायला लागला, मी "टप टप" म्हणते का ते तपासायला. त्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी लाइट गेली, घर एकदम शांत झालं आणि अंधारातून आवाज आला, "बंद." उचललेल्या वाक्यातला नाही, त्याचा स्वतःचा पहिला शब्द. मी अंधारात रडले.

तुमच्या मुलाचा कूलर वेगळा असेल. वर्धा रोडवर डोक्यावरून जाणारी मेट्रो असेल, मिक्सर असेल, चाकं असतील. त्याच्या त्या आवडीला खोड म्हणून मोडू नका. तिथूनच आत शिरता येतं.

दुसरी गोष्ट आमच्या स्वतःच्या बोलण्याची. ताईंनी आमच्या खेळाचा पाच मिनिटांचा मोबाइल व्हिडिओ काढायला लावला आणि मग मलाच मोजायला सांगितलं, मी किती प्रश्न विचारले. एकतीस. "हे काय आहे? रंग कोणता? हे कुणाचं?" पाच मिनिटांत एकतीस परीक्षा. कोणतंही मूल तिथून उठून जाईल. प्रश्नांच्या जागी साधी टिप्पणी ठेवायची: "गाडी आली. धाडकन!" आणि वाक्य मुलाच्या आवाक्याबाहेरचं नको. ते एक शब्द बोलत असेल तर आपण दोन. ते "गाडी" म्हणालं तर आपण "गाडी पळाली". पाहुण्यांनाही सांगून ठेवा की आल्या आल्या "नाव सांग बेटा" नको.

असे व्हिडिओ पालकांसोबत बसून बघायचे, हीच पद्धत गोवा आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत ६५ मुलांच्या कुटुंबांसोबत तपासली गेली. अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. मार्गदर्शन करणारे मोठे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते. सहा महिन्यांत १२ बैठका. पालक मुलाच्या कलाने घ्यायला लागले आणि मुलांनी आपणहून संवाद सुरू करण्याचं प्रमाण वाढलं. मला हा अभ्यास फार जवळचा वाटतो, कारण महिन्याला हजारो रुपयांची थेरपी सगळ्यांना झेपत नाही, आणि घरातली पाच मिनिटं वाया जात नाहीत हे त्यातून दिसतं.

तिसरी गोष्ट थांबण्याची. आपण बोललो की मनात दहा आकडे मोजायचे, तोंड बंद ठेवून. स्वमग्न मुलाला ऐकलेलं लावायला, उत्तर जुळवायला आणि ते तोंडापर्यंत आणायला जास्त वेळ लागतो. ते बोलणार तेवढ्यात आपण दुसरा प्रश्न टाकतो आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्याचा इथे छान उपयोग होतो. रोज तेच म्हणायचं, "दार उघड," "झोका दे." मग एके दिवशी "दार..." म्हणून थांबायचं, भुवया उंचावून, हात कडीवर ठेवून. रिकामी जागा नेमकी क्रियापदाची उरते आणि मूल ती भरायला धावतं. नाही भरली तर दहा मोजून आपणच भरायची आणि दार उघडायचं.

दार उघडायचंच, हे मी मुद्दाम सांगतेय. "बोल, मग देते" ही पद्धत अनेक घरांत आणि काही वर्गांतही चालते. खाऊ डोळ्यांसमोर धरून मुलाला शब्दासाठी तिष्ठत ठेवायचं. बिस्किटाचा डबा घट्ट लावून ठेवणं, भुईमुगाच्या शेंगा मूठभर न देता दोन-दोन देणं, हे चालेल, त्याने मागायला निमित्त मिळतं. पण त्याने हात पुढे केला, नजर टाकली, आवाज काढला, तर ते मागणंच आहे. ते मान्य करायचं, वर शब्द ठेवायचा, "अजून," आणि द्यायचं. पाणी आणि जेवण तर कधीच अडवू नये.

याच्याच जोडीला "नको". आमच्याकडे चावणं, डोकं आपटणं सगळ्यात जास्त व्हायचं ते न्हाव्याकडे आणि लग्नाच्या हॉलमध्ये. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी १९८५ मध्येच दाखवून दिलं होतं की मुलाची अशी वागणूक ज्या कामासाठी होते, तेच काम करणारा शब्द त्याला दिला की ती वागणूक कमी होते. आम्ही "नको" आणि "बस्स" शिकवलं. शिकवलं म्हणजे, तो तोंड फिरवायला लागला की मी म्हणायची, "बस्स," आणि ते खरोखर थांबवायचं. भाजी, कंगवा, मावशींची पापी. त्याच्या "नको"ला किंमत आहे हे पटल्यावर तो चावायचा कमी झाला. औषध आणि रस्ता ओलांडणं इथे "नको" चालत नाही, तेही सांगावं लागतं. पण बाकी ठिकाणी आपण मान ठेवला असेल तरच ते सांगणं टिकतं.

आता चित्रांविषयी, कारण इथे पालक सगळ्यात जास्त घाबरतात. "चित्र दाखवून काम झालं तर तो बोलेल कशाला?" मीही हेच म्हटलं होतं. चित्र देऊन वस्तू घ्यायची पेक्स ही पद्धत अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये सुरू केली. सुरुवातीला दोन मोठी माणसं लागतात. समोरचा हातात खाऊ घेऊन बसतो आणि काही विचारत नाही, मागे बसलेला मुलाचा हात चित्राकडे नेऊन ते समोरच्याच्या हातात ठेवायला मदत करतो. मुलाला कळतं की काही हवं असेल तर माणसाकडे जायचं. बोलण्याचा गाभा हाच तर आहे. चित्रं, खुणा, टॅबलेट यांनी बोलणं खुंटतं का, यावरच्या अभ्यासांचा २००६ मध्ये आढावा घेतला गेला. त्यात भक्कम पुरावा असलेली २७ माणसं होती. ८९ टक्क्यांचं बोलणं वाढलं, उरलेल्यांचं तसंच राहिलं, कमी कुणाचंच झालं नाही. २०१४ मध्ये कॉनी कसारी यांच्या गटाने ५ ते ८ वर्षांच्या, जेमतेम काही शब्द बोलणाऱ्या ६१ मुलांवर काम केलं. ज्यांच्या थेरपीत पहिल्या दिवसापासून बोलणारा टॅबलेट होता, ती मुलं आपणहून जास्त बोलली.

आम्ही बाजारातले कार्ड आणले नाहीत. आमचाच माठ, आमचाच स्टीलचा पेला, आमच्याच ताटलीतले पोहे, यांचे फोटो काढून फ्रिजवर लावले. मोबाइलवर आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो नावाचं ॲप आहे, मोफत, आणि मराठीतही. एक गोष्ट मात्र पाळा. चित्र मुलासमोर ठेवून "दाखव" म्हणू नका. तुम्ही स्वतः बोलताना त्याच चित्रावर बोट ठेवा. मुलं बोलणं ऐकून शिकतात, तशी चित्रंही दुसऱ्याला वापरताना बघून शिकतात.

भाषेचा प्रश्न नागपुरात वेगळाच आहे. घरी मराठी, ऑटोवाल्याशी आणि शेजाऱ्यांशी हिंदी, शाळेत इंग्रजी, आणि आजी वऱ्हाडी. एका शाळेत आम्हाला सांगितलं गेलं, मूल गोंधळतंय, घरी फक्त इंग्रजी बोला. आम्ही सात महिने ते पाळलं. माझं इंग्रजी कामापुरतं. "कम, सिट, ईट" यापुढे जात नव्हतं. लाड करायला, रागवायला, गोष्ट सांगायला माझ्याजवळ शब्दच उरले नाहीत. आजी तर गप्पच झाल्या, नातवाजवळ नुसत्या बसून राहायच्या. त्या सात महिन्यांचं मला अजून वाईट वाटतं. २०१२ मध्ये मॉन्ट्रियलमधल्या ७५ स्वमग्न मुलांच्या अभ्यासात दोन भाषा ऐकणारी मुलं एक भाषा ऐकणाऱ्या मुलांपेक्षा मागे नव्हती, आणि इतर अभ्यासांचाही सूर तोच आहे. ज्या भाषेत तुम्हाला न अडखळता माया करता येते, ती भाषा बोला. आजींनी पुन्हा "का पायजे तुले, बापू?" सुरू केलं त्या दिवशी घर परत घर झालं. आता तो आजीजवळ "पायजे" म्हणतो आणि माझ्याजवळ "पाहिजे". ऑटोवाल्याला "रुको" म्हणतो. तो गोंधळलेला नाही.

काही गोष्टी थोडक्यात. सगळ्यात आधी ऐकण्याची तपासणी करा, आवाज कानातून मेंदूकडे पोचतो का ते बघणाऱ्या बेरा चाचणीसकट. मूल स्वमग्न दिसतंय म्हणून ती टाळू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासणी मोफत होते, आणि नागपुरात केंद्र सरकारचं दिव्यांगांसाठीचं सीआरसी केंद्रही आहे. थेरपिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा, त्यात लाजायचं काही नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढा आणि निरामय हा सरकारी आरोग्य विमा घ्या, त्यात वर्षाला एक लाखापर्यंतच्या खर्चात थेरपीही धरली जाते. जिभेला वेखंड लावण्यामागची आजीची माया खरी आहे, पण बहुतेक स्वमग्न मुलांची अडचण जिभेत नसते. मुलाचा हात धरून त्याच्याकडून टाइप करून घेणारी पद्धत टाळा, तपासण्यांमध्ये ते शब्द हात धरणाऱ्याचे निघाले आहेत. स्टेम सेल, म्हणजे मूळपेशींच्या उपचारांसाठी जमीन विकायला निघालेली माणसं मला भेटली आहेत. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीती मंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये स्वमग्नतेसाठी ते उपचार करू नयेत असं स्पष्ट सांगितलं आहे.

आणि वय. "पाचपर्यंत बोलला नाही तर संपलं," हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या तोंडांतून ऐकलं. चार वर्षांपर्यंत भाषा खूप मागे राहिलेल्या ५३५ स्वमग्न मुलांची माहिती २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. ती आठ वर्षांची किंवा मोठी झाली तोवर ७० टक्के मुलं छोटी वाक्यं बोलत होती, ४७ टक्के सफाईदार बोलत होती. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. काही मुलं मोठेपणीही फार थोडे शब्द बोलतील. त्यांच्यासाठी चित्रं आणि टॅबलेट हीच भाषा, आणि ती पूर्ण भाषा आहे.

घरी आलेला शब्द बाहेर टिकतोच असं नाही. त्यासाठी तेच बोलणं वेगवेगळ्या माणसांसमोर पुन्हा पुन्हा यावं लागतं. आमच्यासाठी तो दिवस ठरला तान्हा पोळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं लाकडी बैल सजवून दारोदार नेतात आणि घरचे लोक बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, देतात. प्रत्येक दारात तेच: बेल, बैल पुढे, "बोजारा द्या," मग "येतो". मी आठवडाभर घरात त्याच्यासोबत तालीम केली, बाबा एका दारात, आजी दुसऱ्या. शेजारच्या पाच घरांना आधी सांगून ठेवलं, घाई करू नका, दहा मोजा. त्याच दिवशी नागपुरात मारबतीच्या मिरवणुका निघतात, त्यांचा आवाज म्हणून कानांवर हेडफोन. पहिल्या दोन दारांत तो काहीच बोलला नाही, नुसता बैल पुढे केला. त्यांनी तो बैल बोलणं म्हणून घेतला आणि बोजारा दिला. चौथ्या दारात "द्या" आलं. पाचव्यात "बोजारा द्या. येतो." येतो, येते नाही.

सध्या आमचं काम "दुखतं" या शब्दावर चाललंय. माठ दिसतो, बैल दिसतो, दुखणं दिसत नाही, म्हणून ते शेवटी येतं. गुडघा खरचटला की लगेच तिथे बोट ठेवून म्हणायचं, "इथे दुखतं." भिंतीवर शरीराचं चित्र लावलंय. गेल्या महिन्यात तापात तो जुन्या वाक्यावर परत गेला. माझ्याजवळ येऊन म्हणाला, "तुला बरं वाटत नाहीये का?" मी यावेळी नाही म्हटलं नाही. थर्मामीटर आणला, त्याला कुशीत घेतलं आणि म्हटलं, "बरं वाटत नाही." त्याने माझा हात घेतला आणि स्वतःच्या कानावर नेऊन ठेवला. मी दहा मोजायला लागले. सहाला तो म्हणाला, "इथे."